टाकी सुकी आहे

आमच्या घरात धड चालणारं नाक एकट्या माझंच होतं. बाबांचं नाक लूमच्या भुशानं आणि बिडीनं कधीच कामातून गेलेलं. गाडीचा मिस्त्री दिवसभर पेट्रोलनं हात धुवायचा, त्याला पेट्रोलचा वास येणार डोंबल! आणि आईला तेव्हा सगळ्याचाच वास यायचा, फोडणीचा, उदबत्तीचा, धुतलेल्या चादरीचासुद्धा, त्यामुळे तिच्या नाकावर कुणी भरवसा ठेवत नव्हतं. म्हणून जीपमधला वास शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कल्याणला दिलेली मुलगी मी, शाळेतून बिनपगारी रजा काढून आईच्या आजारपणासाठी राहनाळला येऊन राहिलेली, आणि रोज सकाळी अंगणात गुडघे टेकून जुन्या जीपच्या पोटाखाली नाक खुपसायचे. शेजारणी कुंपणापलीकडून विचारायच्या, "काय गो, सापडला का?" आणि तोंडाला पदर लावायच्या. हसू देत बापड्या.

जीप बाबांनी लूम भंगारात काढले त्या वर्षी घेतली. घरामागच्या शेडमध्ये आमचे थोडे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. लाइट जायची, सूत महागलं, कापड कुणी विचारेना, मग आजूबाजूच्या सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं. शेड गोडाऊनवाल्याला गेली. लूम पोचवायला भंगारवाल्याकडे गेलेले बाबा तिथूनच ही जीप घेऊन आले. लिलावातली, पेट्रोलवर चालणारी, कापडी छताची, आणि चारही चाकांना जोर मिळणारी. आई दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, एक खडखड गेली म्हनून दुसरी आनली का?"

खरंच होतं ते. ड्रायव्हरच्या सीटखाली पत्र्याचा एक खोलगट हौद होता आणि त्यात पेट्रोलची टाकी बसवलेली. टाकीचे पट्टे सैल झालेले. गाडी हलली की टाकी हौदात आपटायची आणि खडखड सुरू. सगळ्या राहनाळला कळायचं, आमची जीप निघाली. लूमच्या आवाजात हयात गेलेल्या त्या दोघांना त्याचं काही वाटत नसे. उलट बाबा म्हणायचे, आवाज नसला की मना चालवताना झोप येते. लूम गेले तरी त्यांची सुट्टी शुक्रवारचीच राहिली होती, कारखान्यांची असते तशी. दर शुक्रवारी ते पाइप लावून जीपला आतून-बाहेरून आंघोळ घालायचे.

पण ह्या धुडाचं एक खरं काम होतं. आईचं माहेर पडघ्याच्या पुढे, आतल्या अंगाला. हायवे सोडला की डांबर थोडंच, मग ओढा, ओढ्यात हे एवढाले धोंडे, आणि पलीकडे उभी चढण. भाड्याच्या गाड्या ओढ्यापर्यंत यायच्या. ड्रायव्हर खाली उतरायचा, धोंडे बघायचा आणि गाडी फिरवायचा. आमची जीप मात्र थेट मावशीच्या दारात जाऊन उभी राहायची. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. लग्न होऊन गेली, लवकरच विधवा होऊन परत आली, आणि आई वारलेल्या धाकटीला, म्हणजे माझ्या आईला, तिनंच वाढवलं. आई तिला बाय म्हणायची. माहेरी आता चुलत भावाचं कुटुंब मावशीला बघत होतं. आई जीपमधून जाऊन यायची ती वालाच्या शेंगा आणि नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन, आणि पुढचे चार दिवस तिचा चेहराच वेगळा असायचा.

ज्या पावसाळ्यात आईचं पोटाचं दुखणं काय आहे ते कळलं, त्याच पावसाळ्यात मावशी मागच्या दारी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ती खाटेला खिळली. आईची किमो सुरू झाली. भाड्याच्या बंद गाडीतून मुंबईला न्यायचं आणि आणायचं. तिची हाडं ठणकायची, बारीकसा आवाजही डोक्यात जायचा. भांडं पडलं तर ती कान झाकून रडायची. लूममध्ये उभी राहून गप्पा मारणारी बाई! मला ते बघवत नसे.

दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि आता औषध फक्त दुखणं कमी करायला, असं सांगितलं. कुणाला भेटायचं असेल तर लवकर भेटवा, म्हणाले. आईला आम्ही काही बोललो नाही. तिला कुठून कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी पेजेची वाटी बाजूला सारून ती म्हणाली, "एकदा बायला बघून येते." बस्स. ना तिनं कुठल्या देवाचं नाव काढलं ना खायला काही मागितलं.

बाबांनी लगेच जीप काढली. पाठीमागे गादी घातली, उशा रचल्या, तिला उचलून आत बसवलं. अजून आम्ही गावाबाहेरच्या गोडाऊनच्या रांगाही ओलांडल्या नव्हत्या तर तिनं माझा हात घट्ट धरला. "पेट्रोलचा वास येतोय गो." आणि उलट्या सुरू झाल्या. पोटात काही नसताना होणाऱ्या उलट्या ज्यांनी बघितल्या असतील त्यांना मी वेगळं काय सांगू? आम्ही परत फिरलो. वास मलाही येत होता. बाबा मात्र हवा हुंगून म्हणाले, "मना कसलाच न्हाय येत."

तेव्हापासून मिस्त्रीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मिस्त्री भिवंडीतला, बाबांच्या वयाचा, जुन्या कोकणी मुसलमान घरातला. मराठी आमच्यासारखीच बोलायचा, चिडला की हिंदीत शिरायचा. बोनेट उघडून त्यानं आधी पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. "आता वास गेला समजा." गेला नाही. मग कार्बोरेटर खोलला, धुतला, लावला. गेला नाही. मग टाकीपासून पुढे जाणारी रबरी नळी नवी टाकली. मग टाकीच्या झाकणाचा वायसर. प्रत्येक वेळी तो बाजूला व्हायचा आणि बाबा मला हाक मारायचे, "ये गो, नाक लाव." मी नाक लावायची आणि म्हणायची, "येतोय." शेवटी तो भडकला.

"बाई, वास गाडीत नाही, तुमच्या नाकात बसलाय!"

"मग माझं नाक बदला आणि त्याचं बिल करा," मी म्हटलं. मला काय कमी राग होता?

मी म्हणत होते, वास सीटखालून येतो, टाकी बघा. तो म्हणाला, बघितली. मला ओढत नेऊन त्यानं जीपखाली आडवं व्हायला लावलं. हौदाच्या तळाला पाणी जाण्यासाठी एक भोक होतं. "टाकी गळाली तर पेट्रोल कुठं जाणार? ह्याच भोकातून टपकणार ना? हात लावा. टाकी सुकी आहे." मी हात लावला. ठणठणीत कोरडं. त्या संध्याकाळी मी जीपखाली वर्तमानपत्रं पसरली. सकाळी त्यावर धूळ होती, एक मांजर झोपलं होतं, पेट्रोलचा थेंब नव्हता. मग मिस्त्रीनं सीट उचलून दाखवली. वरून टाकीची फक्त पाठ दिसत होती, तीही कोरडी. कडेच्या फटीतून पांढऱ्या सुताचा एक धागा वर आला होता. तो मिस्त्रीनं बघितला, मीही बघितला. पण भिवंडीत सूत कुठं नसतं? आमच्या दाताच्या फटीतही सापडेल. मिस्त्रीनं बाबांना विचारलं, "टाकीला तुम्ही काही केलंय का?"

"मी कशाला हात लावू? काय न्हाय केलं," बाबा म्हणाले. खोटं बोलायची त्यांना गरजच नव्हती.

वास असा चोर की सकाळी थोडा, दुपारी ऊन तापलं की जास्त. फेब्रुवारी सरत आला तसं ऊन वाढलं, वासही वाढला, आणि आई रोज थोडी कमी होत गेली. मला तर झोपेतही वास यायला लागला. मध्ये एकदा मिस्त्रीनं गिअर दुरुस्त केल्यावर चढणीवर गाडी कशी ओढते ते बघायला बाबा एकटेच मावशीकडे जाऊन आले. तिकडे मोबाइलला रेंज नव्हती, निरोप दूधवाल्याबरोबर जायचे, म्हणून मी म्हटलं, तुम्हीच सांगून या. ते दारात जीप उभी करून मावशीच्या खाटेपाशी बसले आणि, वास गेला की घेऊन येतो, असं सांगून आले. मावशीनं वालाच्या शेंगा दिल्या. आईनं त्या उशाशी ठेवून घेतल्या, हुंगल्या, आणि काय आश्चर्य, त्या वासानं तिला काही झालं नाही.

एका सकाळी तीच म्हणाली, "आज न्हाय येत वास. चला." मी नाक लावलं होतं, वास होता. पण तिनं इतक्या ठामपणे सांगितलं की मला वाटलं, आपलंच नाक बिघडलं असेल. तिला बसवलं. हायवेला लागलो. ती पदराचा बोळा नाकाशी धरून डोळे मिटून बसली होती, आणि मी विचारलं की मान हलवायची, न्हाय येत, न्हाय येत. पडघ्याच्या बाजारात पोचलो. ट्रक, एसट्या, भाजीच्या पाट्या, आणि पुढे डावीकडे तिच्या माहेरचा फाटा दिसत होता. तिथं तिचा धीर सुटला. ह्या वेळी उलटीत रक्त आलं. एक भाजीवाली पाण्याचा तांब्या घेऊन धावली. आईनं फाट्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "फिरवा मागं."

मला इतका राग आला की काय सांगू! आईचा, खोटं बोलली म्हणून. बाबांचा, मिस्त्रीचा, त्या जीपचा, डॉक्टरांचा. बाबा चाकाला टेकून उभे होते. मी त्यांच्यावर ओरडले, "जाळून टाका ही गाडी!" ते स्टिअरिंगवर बसले आणि अगदी सावकाश, एक धक्का लागू न देता घरी आणलं.

मग मावशीच्या घरून चुलत मामाचा निरोप आला. बंद गाडीतून ओढ्यापर्यंत आणा, तिथून खुर्चीत बसवून आम्ही चौघं उचलून वर नेऊ. मला ते पटलं. मी आईला सांगितलं. ती उशीवरून डोकं उचलून बसायला बघायला लागली, इतकी चवताळली.

"जितेपनी चौघांच्या खांद्यावर? न्हाय जायची मी. बायच्या दारात तशी गेले तर ती मना बघूनच मरंल."

मी समजावलं, चिडले, पाया पडले. ती म्हणाली, बसून जाईन, आपल्या गाडीतनं, नायतर न्हाय. झालं. तिचा हट्ट सगळ्या गावाला ठाऊक होता. म्हणजे पुन्हा फिरून तोच वास.

मिस्त्री यायचा बंद झाला होता. बाबा रोज सकाळी अंगणात जीप नुसती चालू करून, थोडी पुढेमागे घेऊन बंद करायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. आईची खाट खिडकीशी होती. तशा एका सकाळी बाबा आत आले आणि तिच्या पायाशी बसले. मी तिला चमच्यानं पाणी देत होते. बराच वेळ ती खिडकीकडे कान लावून होती. मग म्हणाली, "टाकी वाजत न्हाय ती आता."

"न्हाय वाजत," बाबा म्हणाले.

"आधी किती खडखडायची. का वाजत न्हाय?"

"अगो, तुझ्यासाठीच नं. पहिली किमो झाली तवा तुला आवाज सोसवत न्हवता. मग भरलं वेस्ट बाजूनं, ठासून. पेचकसानं खाली ढकललं. तवापासून गप हाय."

चमचा माझ्या हातातच राहिला. वेस्ट म्हणजे लूमवरून निघणारं टाकाऊ सूत, धाग्यांचा गुंता. ज्याच्या घरी लूम, त्याच्या घरी वेस्टची पोती. आमच्या उशांत वेस्ट, गाद्यांत वेस्ट, खिडकीच्या फटीत वेस्ट, माझ्या लहानपणच्या बाहुलीच्या पोटात वेस्ट. दार वाजतं? वेस्ट कोंबा. नळ ठिबकतो? वेस्ट गुंडाळा. असल्या कामाला आमच्यात कुणी काम म्हणतच नाही. मिस्त्रीनं विचारलं, टाकीला काही केलं का, आणि बाबांनी काही केलं नाही असं सांगितलं, ते अगदी मनापासून.

मी धावत अंगणात गेले, सीट फेकली, आणि तो वर आलेला पांढरा धागा ओढला. धाग्यामागून गुंता आला, गुंत्यामागून अजून गुंता. वरचा कोरडा, मग दमट, मग पेट्रोलनं थबथबलेला. तळाचा काळा झाला होता, गंजानं माखलेला, आणि त्याचाच बोळा त्या भोकात घट्ट बसला होता. थेंब खाली पडणार कुठून? वासानं माझे डोळे झोंबले. बाबा मागे येऊन उभे राहिले होते.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं टाकी बाहेर काढली आणि उलटी केली. तिच्या बुडाची चाळण झाली होती. शुक्रवारच्या आंघोळीचं पाणी त्या सुतात साचायचं, सूत टाकीला ओलं धरून ठेवायचं, आणि पत्रा सडत गेला. सडल्यावर जे पाझरलं तेही सुतानंच पिऊन घेतलं. मिस्त्री बोटानं पत्रा टोकरत राहिला, शेवटी त्याचं बोट आरपार गेलं. "अच्छी खासी टंकी थी," एवढंच म्हणाला. मला वाटलं होतं तो बाबांवर ओरडेल. निदान त्यानं तरी ओरडायला हवं होतं.

बाबांनी ते सगळं वेस्ट गोळा केलं आणि उकिरड्याशी नेऊन पेटवलं. भडकन् जाळ झाला. त्याच्यासमोर उभे राहून ते म्हणाले, "तिला आवाज होऊ नये म्हनून केलं गो." मी हो म्हटलं.

त्या मापाची टाकी शोधायला वेळ गेला. सापडली, बसवली, आणि मी नाक लावलं. सीटखाली, पंपाशी, गादीत, सगळीकडे. वास नव्हता. काही म्हणजे काही नव्हता. बाबा मुलासारखे आत धावले. पण तोवर आईला कुशीवर वळवलं तरी ती कळवळायची. डॉक्टर म्हणाले, आता हलवायचं नाव काढू नका. बाबांनी जीप तिच्या खिडकीला लावली, अगदी भिंतीशी, आणि पुढेमागे केली. ह्या वेळी हौदात त्यांनी काही भरलं नव्हतं. टाकी खडखडली. आईनं डोळे उघडले.

"वाजते," ती म्हणाली.

"वास येतो का?" बाबांनी बाहेरूनच विचारलं.

तिनं मान हलवून नाही म्हटलं. मग हळूच मला म्हणाली, "बायला सांग, येते म्हनावं." मी दूधवाल्याबरोबर तसा निरोप धाडला. वेडी मी, खरंच धाडला.

होळीच्या आधी एका सकाळी ती गेली. शेजारणींनी तिला आंघोळ घातली, माणसं जमली, आणि बाबा कुणाला काही न सांगता जीप घेऊन निघून गेले. लोक विचारायला लागले, कुठं गेला हा अशा वेळी? ऊन चढल्यावर लांबून खडखड ऐकू आली. पाठीमागच्या गादीवर, आईच्याच उशांना टेकून, मावशी बसली होती. अंगणातल्या माणसांनी तिला खुर्चीत घेतलं आणि चौघांनी उचलून आत आणलं. तिचा पाय वाकडा पडला होता, दुखत असणारच, पण तिनं हूं की चूं केलं नाही.

आईच्या शेजारी तिची खुर्ची टेकवली. मावशीनं वाकून आईच्या गालावरून हात फिरवला. खूप वेळ फिरवत राहिली. रडली नाही. मग मान वर करून बाबांना म्हणाली,

"त्या दिवशी तुमी गाडी घेऊन माझ्या दाराशी आलेले. वाल घेऊन गेले. तवाच मना उचलून गाडीत टाकायचं नं. मना कुठं वासानं काय व्हत व्हतं?"

मी बाबांकडे बघितलं, बाबा मावशीकडे बघत होते.

"खरंच की," ते म्हणाले, आणि जिथं उभे होते तिथंच खाली बसले.